इन्स्टाग्राम वाढवून देतो म्हणाला, 66,380 रुपये नेले आणि अकाउंटही नेलं

लग्नाच्या, मुंजीच्या, डोहाळजेवणाच्या पत्रिका डिझाइन करणं हा माझा व्यवसाय. दुकान नाही, सिंहगड रोडला घरातूनच काम करते आणि छपाई नारायण पेठेत करून घेते. गिऱ्हाइकं जवळजवळ सगळी इन्स्टाग्रामवरून यायची. यायची म्हणते, कारण ते अकाउंट आता माझ्या हातात नाही. एका 'डिजिटल मार्केटिंग एजन्सी'वाल्याने माझे 66,380 रुपये नेले आणि वर अकाउंटही नेलं. लिहायला लाज वाटते. सासरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही. तरी लिहितेय, कारण हा माणूस थांबलेला नाही. माझ्या ओळखीतल्या एका केकवालीला आणि एका मेंदीवालीला अगदी त्याच शब्दांत फोन आलाय.

फॉलोअर्स वाढवून देतो, लीड्स (म्हणजे चौकशी करणारी गिऱ्हाइकं) आणून देतो, हे प्रकार तुम्हाला सांगायला नकोत. दहा हजार फॉलोअर्स अमुक रुपयांत, असले मेसेज मीही न वाचता उडवते. हा तसा आलाच नाही. स्वच्छ पुणेरी मराठीत 'ताई, तुमची ती मोडी अक्षरातली मुंजीची पत्रिका पाहिली' म्हणून फोन केला. माझं काम त्याने खरंच बघितलेलं होतं. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, म्हणजे जाहिरात दिवाळीच्या आधीच चालू व्हायला हवी, हे त्याने मला सांगितलं. कोथरूडच्या गिऱ्हाइकाला कोणती पत्रिका दाखवायची आणि चिंचवडच्या गिऱ्हाइकाला कोणती, हेही. धंदा कळणारा माणूस वाटला. आणि मी काही डोळे झाकून पैसे दिले नाहीत. आधी कुणाचं काम केलंय ते विचारलं, त्याने दिलेल्या नंबरवर एका फोटोग्राफर बाईंशी बोलले. त्यांनी भरभरून कौतुक केलं. त्या बाई त्याच्याच टोळीतल्या होत्या हे मला कुठून कळणार? संदर्भ त्याने दिलेल्या नंबरवर कधीच तपासू नका. ज्या व्यवसायाचं नाव तो घेईल त्याचं पान स्वतः शोधून त्यांना थेट विचारा.

तीन महिन्यांचं पॅकेज 25,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 4,500, असे 29,500 रुपये मी यूपीआयने पाठवले. पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नाव आलं नाही, कुणा तरी एका माणसाचं आलं. विचारलं तर म्हणाला, अकाउंटंटचं खातं आहे, चालू खात्याला तांत्रिक अडचण आहे. माझे स्वतःचे व्यवहार माझ्या बचत खात्यावरच होतात, त्यामुळे मला ते खटकलं नाही. घरून काम करणाऱ्या कुणालाही खटकलं नसतं.

पण ते बिल. त्या बिलाचा विचार आला की अजूनही डोकं तापतं. लेटरहेडवर पत्ता बाणेरचा, नावापुढे प्रायव्हेट लिमिटेड, खाली गोल शिक्का, आणि जीएसटी क्रमांक सुरू होतो 07 ने. 07 म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा क्रमांक 27 ने सुरू होतो. माझ्या छापखान्याचं बिल, कागदवाल्याचं बिल, लिफाफेवाल्याचं बिल, सगळ्यांवर 27. वर्षानुवर्षं ती बिलं माझ्या हातांखालून जातायत. त्या पंधरा अक्षरांत पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची, आणि पॅनमधलं चौथं अक्षर कंपनी असेल तर सी, एकटी व्यक्ती असेल तर पी. या बिलावर पी होता. प्रायव्हेट लिमिटेड म्हणवणाऱ्याच्या पॅनमध्ये पी! जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो क्रमांक टाकला असता तर मिनिटभरात खरं नाव समोर आलं असतं, लॉगिनही लागत नाही. नंतर टाकला तेव्हा दिल्लीच्या कुठल्या तरी कापड दुकानाची नोंद निघाली. त्या बिचाऱ्यांना पत्ताही नसेल. मी दिवसभर लोकांच्या पत्रिकांमधली वेलांटी, तिथी, 'चि. सौ. कां.' तपासते, आणि तो कागद समोर असताना मी फक्त बेरीज बरोबर आहे का ते बघितलं. पण बिल मागितल्यावर बिल आलं, जीएसटी लावून आलं, की माणूस निश्चिंत होतो. खोटं बिल करणारे नेमकं हेच ओळखून असतात.

मग जाहिरातीचे 18,000. 'हे आमचे नाहीत ताई, मेटाला भरायचेत.' मेटा म्हणजे इन्स्टाग्रामची मालक कंपनी. इथे सगळ्यांनी नीट ऐका. जाहिरातीचे पैसे एजन्सीच्या हातात द्यायचे नसतात. मेटाच्या ॲड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे जाहिराती चालवायच्या पानावर, तुमचं स्वतःचं कार्ड किंवा यूपीआय जोडा, पैसे थेट जातात आणि पावती तुमच्या नावाने निघते. एजन्सीला फक्त पार्टनर म्हणून परवानगी द्या, ती हवी तेव्हा काढून घेता येते. आणि जाहिरात खरंच चालू आहे का हे पाहायला मेटाची ॲड लायब्ररी सगळ्यांना खुली आहे. पानाचं नाव टाकलं की त्या घडीला चालू असलेल्या जाहिराती दिसतात. माझ्या नावावर एकही नव्हती. तो मला रोज रंगीत आलेख पाठवत होता, रीच (किती जणांपर्यंत पोचलं) इतका, क्लिक इतके.

फॉलोअर्स मात्र वाढले. भराभर वाढले. इनसाइट्समध्ये, म्हणजे अकाउंटच्या आकडेवारीत, फॉलोअर्सची शहरं बघितली तर पुण्याच्या वर ढाका आणि जकार्ता. ढाक्याला माझी मुंजीची पत्रिका कोण छापणार? विचारलं तर म्हणाला, अल्गोरिदम आधी पसरतो, मग लोकल होतो. आणि चौकशीचे मेसेज आले. वेगवेगळ्या नावांचे, पण सगळ्यांत 'पत्रीका कितीला पडेल', सगळ्यांत त्री दीर्घ. शुद्धलेखनाची एकच चूक इतक्या लोकांची एकसारखी होत नाही. दर सांगितला की पुढे एकाचंही उत्तर नाही. इथे मला संशय आला होता आणि मी त्याला स्पष्ट विचारलंही. तो चिडला नाही, माफी मागितली, आणि म्हणाला की ब्लू टिक (नावापुढची निळी खूण) नसल्यामुळे खरी गिऱ्हाइकं बिचकतात.

ब्लू टिकचे 7,080. ही टिक देणारी मेटा व्हेरिफाइड ही सेवा कुणीही ॲपमधून स्वतः घेऊ शकतं. 2023 मध्ये भारतात आली तेव्हा मोबाइलवर महिन्याला 699 रुपये होती. मध्ये दलाल लागतच नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि माझ्यासारख्या हजारो जणींना आजही माहीत नाही. त्या व्हेरिफिकेशनसाठी म्हणून त्याने माझ्याकडून अकाउंटचा ईमेल आणि मोबाइल नंबर बदलून घेतला. ईमेल बदलल्याची सूचना माझ्या जुन्या ईमेलवर आली होती. त्या सूचनेत बदल परत फिरवायची सोय असते. पण बदल माझ्याच हाताने झालेला, म्हणून मला वाटलं, कामाचाच भाग आहे. पासवर्ड, ईमेल, नंबर, सहा आकडी कोड, यातलं काहीही कुणालाही देऊ नका. कितीही ताई ताई केलं तरी.

दोन दिवसांत अकाउंट बंद. 'रिस्ट्रिक्ट झालंय, सोडवायला 11,800.' मी दिले. तुम्ही म्हणाल, तरीही दिले? मार्गशीर्षातल्या लग्नांची सगळी कामं त्या अकाउंटच्या मेसेजेसमध्ये होती. मजकूर, नातेवाइकांच्या नावांचा क्रम, आगाऊ रकमेचा हिशोब, सगळं. एका घरची तर छपाई दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती. त्या जागी कुणीही दिले असते. पैसे मिळाले त्या रात्रीपासून त्याचा फोन बंद.

आता पुढचं. 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली गेली, 6,200 रुपये पुढच्या एका खात्यात अडकवले गेले. बाकीचे आधीच काढून झाले होते. हा नंबर पाठ करून ठेवा, पैसे गेल्याचं कळताक्षणी लावा, एक तासही दवडू नका. मी आधी बँकेत गेले आणि वेळ गेला. बँकेत काउंटरवरचा मुलगा म्हणतो, 'मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय ना? मग हा अनधिकृत व्यवहार नाही.' रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही असं सांगतं, पण ते अनधिकृत व्यवहारांसाठी. फसवून घेतलेला पिन त्यात बसत नाही. म्हणजे चोराने हात घालून खिसा मारला तर भरपाई, आणि गोड बोलून खिसा रिकामा करून घेतला तर माझी मी जबाबदार. हा कुठला न्याय?

पोलीस चौकीत त्याहून वाईट. 'सेवा दिली नाही म्हणजे सिव्हिल मॅटर, वकील बघा.' मी म्हटलं, साहेब, बिल खोटं आहे, नाव खोटं आहे, दुसऱ्याचा जीएसटी क्रमांक वापरलाय. मग, 'खातं बाहेरच्या राज्यातलं, आमच्या हद्दीत येत नाही.' मग, 'आयटी ॲक्टचं निरीक्षक साहेब बघतात, ते बंदोबस्ताला गेलेत.' तासन् तास बाकावर बसवून शेवटी अर्जावर एक शिक्का मारून दिला. समोरचा हवालदार माझ्यासमोर सहकाऱ्याला म्हणाला, 'शिकलेल्या बायका आणि इन्स्टाग्रामला पैसे देतात.' इन्स्टाग्राम हे माझं दुकान आहे. लक्ष्मी रोडवरच्या दुकानदाराचं शटर कुणी तोडलं असतं तर त्याला असं बोलला असता का? एकदा नीट कायदा वाचला तेव्हा कळलं की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द कुठलीही असली तरी घ्यावीच लागते. फसवणूक म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 318, आणि ऑनलाइन सोंग घेऊन फसवणं म्हणजे आयटी कायद्याचं कलम 66 डी. ही कलमं अर्जात लिहूनच न्या. तोंडी सांगितलेलं ते ऐकत नाहीत. लिहून दिल्यावर निदान अर्ज वरच्या टेबलापर्यंत गेला. गुन्हा अजून दाखल नाही. विचारायला गेलं की 'चौकशी चालू आहे.'

आणि एवढ्यावर थांबलेलं नाही. माझ्याच अकाउंटवरून, माझ्याच पत्रिकांचे फोटो टाकून 'निम्म्या दरात पत्रिका, आधी बुकिंग' अशी जाहिरात चालू आहे आणि खाली कुणाचा तरी क्यूआर कोड. चिंचवडच्या एका मुलीने 3,500 रुपये भरले आणि आता ती मला चोर म्हणतेय. तिचं काय चुकलं? नाव माझं, काम माझं.

ज्यांचे पैसे त्या क्यूआरवर गेलेत त्यांनी मला दोष द्या हवा तर, पण 1930 वर स्वतः तक्रार करा. माझ्या तक्रारीत तुमचा व्यवहार धरला जात नाही. यूपीआयच्या पावतीवरचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, हाताशी ठेवा, आधी तोच विचारतात. आणि ते अकाउंट रिपोर्ट करा. 'स्पॅम' निवडू नका, 'फसवणूक' निवडा.