हौसिंग अथॉरिटीचं बोर्ड: ५ पैकी साडेतीन स्टार

अमेरिकेत सरकारी घरांचा कारभार बघणाऱ्या कुठल्याही हौसिंग अथॉरिटीचे रिव्ह्यू उघडून बघा, सगळीकडे तेच. एक स्टार, लिफ्ट बंद, फोन उचलत नाहीत, वेटिंग लिस्टवर नाव टाकून जमाना झाला. खरंच असणार ते, पण हे सगळे रिव्ह्यू ऑफिसचे असतात. ऑफिसच्या वर जे बोर्ड बसतं त्याबद्दल कोणी काही लिहिलेलं मला दिसलं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहू. माझी मावशी अथॉरिटीच्या सीनियर लोकांच्या बिल्डिंगमध्ये राहते. बोर्डाची मीटिंग दुपारी साडेचारला, हिवाळ्यात बाहेर पडेपर्यंत अंधार होतो आणि अंधारात तिला गाडी चालवायची नसते, मीटिंग मात्र चुकवायची नसते, त्यामुळे ड्रायव्हर मी. आधी बाहेर गाडीतच बसायचो, मग थंडी वाढल्यावर आत बसायला लागलो, आणि आता मावशीला यायला नाही जमलं तरी मी जातो. गावाचं नाव टाकत नाही, ज्यांच्याबद्दल लिहितोय ती माणसं किराणा आणायला गेलं की समोर भेटतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९३७ च्या हौसिंग कायद्यापासून इथली पद्धत अशी की पैसा येतो केंद्राकडून, आता हौसिंग खात्यामार्फत, ज्याला सगळे हड म्हणतात, आणि घरं चालवते स्थानिक अथॉरिटी. देशभरात अशा तीन हजारांच्या वर आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या डोक्यावर बोर्ड ऑफ कमिशनर्स असतं. मेंबर बहुतेक ठिकाणी मेयर नेमतो, मुदत ठरलेली, पगार सहसा नसतोच. मेयर कोणाला नेमतो तर गावात ज्यांचं वजन आहे त्यांना. म्हणजे चर्चचे पास्टर, रिटायर्ड बँकवाले, वकील, एखाद्या संस्थेच्या डायरेक्टर. हे लोक एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर, म्हणजे ऑफिसचा प्रमुख, नेमतात, बजेट पास करतात, पाच वर्षांचा आणि दरवर्षीचा प्लॅन मंजूर करतात, व्हाउचरवाल्यांसाठी, म्हणजे जे सरकारी मदतीने खाजगी घरं भाड्याने घेतात त्यांच्यासाठी, घरभाड्याची मर्यादा ठरवतात (हडने काढलेल्या बाजारभावाच्या ९० ते ११० टक्क्यांत बसवायची असते ती), आणि एखादी जुनी बिल्डिंग दुरुस्त करायची, पाडायची का खाजगी भागीदार घेऊन नवी उभी करायची यावर आधी यांचाच ठराव लागतो. एवढी मोठी कामं, आणि समोरच्या खुर्च्यांवर आम्ही आठ-दहा टाळकी, त्यातले निम्मे अथॉरिटीचेच कर्मचारी.

आमच्याकडे पाच जण आहेत. अध्यक्ष पास्टर आहेत, माणूस सोन्यासारखा, खोटं कशाला बोलू. पब्लिक कमेंटला, म्हणजे लोकांना बोलायला वेळ देतात तेव्हा, एक बाई बोलता बोलता रडायला लागली तर हे व्यासपीठावरून उतरून तिच्या शेजारी येऊन बसले, आणि पुढच्या मीटिंगला तिच्या मुलाची चौकशी नावानिशी केली. पण पॅकेट उघडलेलं नसतं. पॅकेट म्हणजे मीटिंगच्या आधी जी दीडशे-दोनशे पानांची पीडीएफ येते ती, त्यात सगळे ठराव, आकडे, टेंडरं. पास्टरसाहेब ठरावाचा नंबर वाचतात, डायरेक्टरकडे बघतात, डायरेक्टर मान हलवतात, मग "ऑल इन फेवर" आणि झालं. एकदा लिफ्टच्या दुरुस्तीचं मोठं कंत्राट एवढ्या वेळात पास झालं की मावशीला पर्समधून चष्मा काढायलाही सवड मिळाली नाही. तिची लिफ्ट होती ती!

मला या सगळ्यात एकच म्हणायचंय, गावात मान असणं वेगळं आणि बोर्डावर काम करणं वेगळं. पहिल्यामुळे दुसरं आपोआप होत नाही. आपल्याकडे गणेश मंडळाचे अध्यक्ष असतात, हार त्यांच्या गळ्यात आणि वर्गणीची वही खजिनदाराकडे, तसं होतं. फक्त इथे वहीत लोकांची घरं असतात.

बाकीच्यांचं पटकन सांगतो. रिटायर्ड बँकवाले आकडे नीट वाचतात, ऑडिटच्या दिवशी त्यांच्याइतका उपयोगी माणूस नाही, पण एरवी गप्प. वकीलबाई हुशार आहेत, अडचण अशी की त्यांच्या फर्मचा कोणत्या ना कोणत्या बिल्डरशी संबंध निघतो आणि मग त्या उठून बाहेर जातात. ते बरोबरच आहे म्हणा, कारण व्हाउचरच्या नियमात तर बोर्डावर असताना आणि उतरल्यावरही एक वर्ष अथॉरिटीच्या कंत्राटात हितसंबंध ठेवता येत नाही, पण ज्या विषयात त्यांची अक्कल सगळ्यात जास्त कामाला येईल त्याच विषयात खुर्ची रिकामी. संस्थेच्या डायरेक्टरबाई फूड पँट्री, म्हणजे गरजूंना फुकट अन्नधान्य देणारं केंद्र, चालवतात, त्यांना लोकांचे हाल माहीत आहेत, पण दर वेळी उशिरा येतात आणि लवकर जातात, बहुतेक अजून चार बोर्डांवर असाव्यात.

आणि पाचव्या रेसिडेंट कमिशनर, म्हणजे स्वतः अथॉरिटीच्या घरात राहणाऱ्या. हा रिव्ह्यू खरं तर त्यांच्यामुळेच लिहितोय.

मीटिंगमध्ये कन्सेंट अजेंडा नावाची एक भानगड असते, किरकोळ समजले जाणारे सगळे विषय एका गठ्ठ्यात बांधायचे आणि एका मतात पास करायचे. त्यात बुडीत भाडं माफ करायचा ठराव असतो, म्हणजे जे भाडेकरू सोडून गेले किंवा ज्यांना काढलं त्यांच्या नावावरची थकबाकी खात्यातून वजा करायची. सगळीकडे असतो हा ठराव, त्यात वावगं काही नाही. पण या बाईंनी हात वर करून सांगितलं की हा विषय गठ्ठ्यातून बाहेर काढा, मला विचारायचंय. मग त्यांनी विचारलं की यातली एवढी मोठी रक्कम एकाच बिल्डिंगची का आहे. डायरेक्टर म्हणाले, बघून सांगतो. बाई म्हणाल्या, मी सांगू का? इथे भाडं साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के असतं, म्हणजे नोकरी गेली की कागद द्यायचे आणि ऑफिसने भाडं कमी करून द्यायचं. त्या बिल्डिंगची केस बघणारी कर्मचारी सोडून गेली होती, जागा भरलीच नव्हती, लोकांचे कागद टेबलावर पडून आणि खात्यावर जुनंच भाडं चढत राहिलं. म्हणजे बुडीत म्हणून जे लिहिलं होतं त्यातलं बरंचसं मुळात देणं लागतच नव्हतं, आणि त्यापायी काही जणांच्या दारावर नोटिसाही लागल्या होत्या!

बँकवाल्यांनी तोच आकडा बघितला होता, त्यांनाही तो मोठा वाटला असणार, पण तो का मोठा आहे हे त्यांना कुठून कळणार? ते कळायला तिथल्या लाँड्री रूममध्ये उभं राहावं लागतं. ठराव पुढच्या मीटिंगवर ढकलला गेला, खाती पुन्हा तपासायला सांगितली, आणि पास्टरसाहेब पहिल्यांदा पॅकेटची पानं उलटताना दिसले.

ही खुर्ची काही मेयरच्या कृपेने आलेली नाही. १९९८ मध्ये हौसिंग कायद्यात मोठी सुधारणा झाली, त्यात आलं की बोर्डावर किमान एक मेंबर असा हवा ज्याला अथॉरिटीकडून थेट घराची मदत मिळते. पळवाटा आहेत, ३०० पेक्षा कमी सरकारी घरं असलेल्या अथॉरिटीने रेसिडेंट लोकांना रीतसर कळवलं आणि कोणीच इच्छा दाखवली नाही तर ती जागा न भरता चालतं. पण एकदा बसला की त्याला सगळ्यांना लागू होणाऱ्या विषयात, म्हणजे भाड्याचं धोरण असो नाहीतर नियमावली, तू भाडेकरू आहेस म्हणून बाजूला बस असं सांगता येत नाही. फक्त त्याच्या एकट्याच्या केसचा विषय असेल तर ते वेगळं. न्यूयॉर्कमध्ये तर सातपैकी तीन जण रेसिडेंट आहेत. पाचात एक म्हणजे त्या बाईंना दर वेळी एकटीने लढायचं, ठराव मांडला तर अनुमोदन द्यायलाही कोणीतरी शोधा.

या कायद्याच्या आधी लोकांनी काय काय केलंय हेही वाचण्यासारखं आहे. सेंट लुईसमध्ये १९६९ साली सरकारी घरांतल्या भाडेकरूंनी कित्येक महिने भाडंच दिलं नाही, तेव्हा कुठे त्यांचं म्हणणं कारभारात ऐकलं जायला लागलं. त्याच वर्षी सिनेटर एडवर्ड ब्रूक यांच्या दुरुस्तीने भाड्याला उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा आली, ती १९८१ मध्ये ३० झाली, मावशी अजून त्याच हिशोबाने भरते.

आणि बोर्डावरच्या मानाच्या माणसाने काय करावं याचा नमुना हवा असेल तर शिकागोचे रॉबर्ट टेलर. १९४० च्या दशकात शिकागो हौसिंग अथॉरिटीचे अध्यक्ष, त्या जागेवर बसलेले पहिले कृष्णवर्णीय. घरं सगळ्या वस्त्यांत बांधा, काळ्यांना एका पट्ट्यात कोंडू नका असं त्यांचं म्हणणं, आणि सिटी कौन्सिल त्या जागा मंजूर करेना, तेव्हा १९५० मध्ये ते बाहेर पडले. पुढची थट्टा बघा. ते गेल्यानंतर त्याच कोंडलेल्या पट्ट्यात १६ मजल्यांच्या २८ इमारती उभ्या राहिल्या, १९६२ मध्ये पूर्ण झाल्या, आणि नाव काय दिलं तर रॉबर्ट टेलर होम्स! २००७ पर्यंत सगळ्या पाडून झाल्या. माणसाचं ऐकायचं नाही आणि पाटीवर मात्र नाव लावायचं, ही पद्धत जगात सगळीकडे सारखीच दिसते.

अर्थात बोर्डच नसलं तर बरं असंही नाही. न्यू ऑर्लिन्सची अथॉरिटी कारभार बिघडला म्हणून २००२ मध्ये हडने ताब्यात घेतली ती २०१४ पर्यंत, आणि एवढ्यातच कट्रीना चक्रीवादळही येऊन गेलं. शहरातली हजारो सरकारी घरं पाडायचा निर्णय त्याच काळात झाला. आपल्या गावातला कोणी खुर्चीवर असेल तर निदान किराणा आणायला गेल्यावर गाठून विचारता तरी येतं.

आता तक्रारी. पहिली वेळेची, साडेचारला कोण येणार, नोकरीवाले कामावर आणि पोरांना शाळेतून आणणारे गाडीत, म्हणून समोर फक्त माझ्या मावशीच्या वयाचे. दुसरी पब्लिक कमेंटची, तीन मिनिटं देतात आणि समोरून उत्तर येत नाही, "नोंद घेतली" म्हणतात आणि पुढचं नाव पुकारतात. मला कळतं की अजेंड्यावर नसलेल्या विषयावर तिथल्या तिथे चर्चा केली तर कायद्याची अडचण येऊ शकते, पण पुढच्या मीटिंगला लेखी उत्तर द्यायला कोणी अडवलंय? तिसरी क्लोज्ड सेशनची. कोर्टाचं प्रकरण, कर्मचाऱ्यांचा विषय वगैरेंसाठी दार बंद करतात ते ठीक, पण परत आल्यावर "कोणताही निर्णय झाला नाही" एवढंच सांगायला आम्हाला पाऊण तास कॉरिडॉरमध्ये उभं करायचं, तिथे बाकडंसुद्धा नाही, म्हातारी माणसं भिंतीला टेकून उभी.

एक गोष्ट मात्र बोर्डाच्या माथी मारू नका. माझा नळ गळतो, माझा नंबर वेटिंग लिस्टवर वर आणा, हे काम त्यांचं नाही, आणि जो कमिशनर असं करून देतो तो खरं तर रांगेतल्या दुसऱ्या कोणाचं तरी घर काढून घेतो. नळाच्या तक्रारी चाळीस आल्या आणि मेंटेनन्सची पदं रिकामी का असं बोर्डाने विचारलं नाही, तर मग जरूर धारेवर धरा.

स्टारचा हिशोब विचाराल तर दोन रेसिडेंट कमिशनरबाईंचे, अर्धा बँकवाल्यांचा, अर्धा पास्टरसाहेबांचा त्या बाईच्या शेजारी येऊन बसल्याबद्दल, आणि अर्धा कागदपत्रं वेळेवर वेबसाइटवर टाकणाऱ्या सेक्रेटरीचा, ती बोर्डावर नाही पण असायला हवी.

जायचं असेल तर आदल्या रात्री पॅकेट उघडून आधी कन्सेंट अजेंडा वाचा, नेमकं काय लपलंय ते तिथेच सापडतं. बोलायचं असेल तर मीटिंग सुरू व्हायच्या आधी दाराजवळच्या कागदावर नाव लिहा, नंतर घेत नाहीत. आणि वर्षाच्या प्लॅनची जाहीर सुनावणी चुकवू नका, तिची नोटीस किमान ४५ दिवस आधी लावावी लागते, मावशीच्या बिल्डिंगमध्ये ती पत्रपेट्यांच्या वरच्या बोर्डावर, बिंगोच्या वेळापत्रकाच्या मागे, पिन केलेली असते.