नऊ महिने, एक कॉम्प्रेसर आणि टाकीच्या पोटाखालचा तो स्क्रू

आषाढातल्या एका रविवारी आमच्या ७४व्या हायलँडर्सना देवी आल्या.

इंग्रजांची ही स्कॉटिश पलटण, टेबलावरच्या लढाईसाठी मी रंगवतो ती: चोवीस चिमुकले शिपाई, पंधरा मिलिमीटरचे, आइस्क्रीमच्या काड्यांवर सहा-सहा चिकटवलेले. तपकिरी प्राइमर (रंगाखालचा अस्तराचा थर) आदल्या रात्रीच मारून झाला होता. वरून लाल मारायला घेतला. पहिली काडी झकास गेली. दुसऱ्या काडीवर एअरब्रश (कॉम्प्रेसरच्या हवेवर रंग फवारणारा पेनसारखा ब्रश) आधी फुरफुरला आणि मग पचकन थुंकला. लाल नव्हे, पाणी. ओल्या लाल थरावर पाण्याचे थेंब पडले की रंग बाजूला सरकतो, मधे गोल ठिपका उघडा पडतो आणि कडेनं रंगाचं कडं साचतं. पंधरा मिलिमीटरच्या शिपायाच्या अंगावर असे चार ठिपके म्हणजे अंगभर. आईनं चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, “यांना देवी आल्यात का रे?”

तर हा त्या एअरब्रश आणि कॉम्प्रेसरच्या जोडीचा अनुभव. दिवाळीच्या सेलमध्ये ८,४०० रुपयांना घेतली. तीन लिटरची टाकी, ०.३ मिलिमीटरची सुई, ड्युअल अॅक्शन, म्हणजे एकाच बटणानं हवा आणि रंग दोन्ही आवरायचे. या किमतीत मिळणारे सगळे एकाच कारखान्यातून वेगवेगळी स्टिकरं लावून येतात की काय इतके सारखे दिसतात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली भांडण आहे.

घेतला का? गेल्या पावसाळ्यामुळे. तोवर मी डब्यातला स्प्रे प्राइमर वापरत होतो. ठाण्यात जुलैमध्ये तो मारला की पृष्ठभाग खरखरीत होतो, बारीक रवा भुरभुरल्यासारखा. मॅट व्हार्निशचं तर विचारूच नका. वर पांढरी साय धरते आणि महिनाभराची मेहनत धुक्यात जाते. शिवाय हे दाबाचे डबे ज्वालाग्राही असल्यानं विमानानं येत नाहीत, त्यामुळे परदेशी प्राइमर मिळाला तरी ज्या भावात मिळतो त्यात आमच्याकडे महिन्याचा गॅस येतो. एअरब्रशनं बाटलीतला पाण्यात विरघळणारा प्राइमर मारता येतो आणि बाटली वर्षभर पुरते. हिशेब पटला, घेतला.

डोळ्यासमोर असईची लढाई होती, ती टेबलावर मांडायची. २३ सप्टेंबर १८०३, भोकरदन तालुक्यातलं असई, एका बाजूला केळना, दुसरीकडे जुई. पुढे वॉटर्लू गाजवणारा वेलस्ली तेव्हा चौतीस वर्षांचा. समोर शिंदे आणि नागपूरकर भोसले, आणि शिंद्यांच्या कवायती पलटणींवर पोलमन नावाचा हॅनोव्हरचा जर्मन. दोन वर्षांपूर्वी मी गाडी काढून ते रान बघून आलो आणि तेव्हापासून हे खूळ डोक्यात बसलं. वेलस्लीचे वाटाडे म्हणत होते, पुढे नदी ओलांडायला उतारच नाही. वेलस्लीनं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली, पिंपळगाव आणि वरूड, आणि ताडलं की जाण्यायेण्याला उतार असल्याशिवाय गावं अशी वसणार नाहीत. सैन्य तिथूनच उतरवलं. टेबलावर पहिली गोष्ट मी तो उतार केला, शिपाई नंतर.

आई म्हणते, इंग्रज कशाला रंगवतोस, आपले रंगव. तिला सांगितलं, आपले रंगवायला घेतले तर तोफा रंगवाव्या लागतील. त्या दिवशी इंग्रजांच्या हाती ९८ लागल्या. आठाला एक धरली तरी बारा होतात, वर बैल आणि गोलंदाज. आधी सोपं उरकतो.

पहिले सात महिने तक्रारीला जागा नव्हती. नोव्हेंबर ते मे हवा पावसाळ्याच्या मानानं कोरडी, आणि यंत्र इतकं गुणी की मी दोघा मित्रांना घ्यायला लावलं (त्यातला एक आता फोन उचलत नाही). चोवीस शिपायांना ब्रशनं प्राइमर लावायला मला एक संध्याकाळ लागायची, एअरब्रशनं चहा निवायच्या आत होतं. लाल रंगाचं दुखणं ज्यांनी लालडगलेवाले रंगवलेत त्यांना माहीत आहे. लाल पातळ असतो, काळ्यावर बसत नाही, पांढऱ्यावर मारला तर गुलाबी झाक येते. मी खालून गडद तपकिरी मारतो आणि वरून, पंचेचाळीस अंशांतून, व्हॅलेजो कंपनीचा ७०.९५७ क्रमांकाचा लाल दुधाइतका पातळ करून १८ पीएसआय दाबावर. डगल्याच्या चुण्यांत तपकिरी राहतो, खांद्यावर लाल येतो, सावली फुकट मिळते. मग ब्रशनं पांढरे पट्टे, कॉलर, चेहरे, आणि वर तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पाण्यासारखा पातळ रंग. एका बैठकीत पलटण उभी. ७४व्याची कॉलर-कफ पांढरी, ७८व्याची (दुसरी हायलँडर पलटण) फिकट पिवळसर. लांबून दोन्ही एकसारख्या दिसू नयेत म्हणून एवढं तरी नीट करावंच लागतं. किल्ट (चौकडीचे स्कॉटिश घागरे) घातले होते की पांढऱ्या विजारी, यावर आमच्या मंडळींत अजून वाद आहे. मी विजारी केल्या. चौकडी रंगवायची नव्हती, हे खरं कारण.

काटकसर म्हणून स्टेशनरीच्या दुकानातले ट्यूबमधले अक्रिलिकही चालवून पाहिले. नायलॉनच्या मोज्यातून गाळून, पाणी घालून. चालत नाहीत. रंगाचे कण जाड, दोन मिनिटांत नोझल तुंबतं, आणि नोझल साफ करायला काढलं की ते तिळाएवढं, बेसिनच्या जाळीतून सहज जाणारं. एक गेलं. २८० रुपये. ट्यूबचे रंग शिपायांच्या पायाखालच्या तळासाठी ठेवा, मातीला उत्तम आहेत.

मग पाऊस आला आणि देवी आल्या.

यंत्राला मॉइश्चर ट्रॅप आहे, दाबाच्या घड्याळाखालची ती पारदर्शक वाटी. तिच्यात पाणी साचतं, खालची पिन दाबली की निघून जातं. मी रोज दाबत होतो. वाटी कोरडी, आणि तरी एअरब्रशमधून पाणी. ग्राहक सेवेला फोन केला. त्यांनी व्हिडिओ मागितला, पाठवला. दुसरा मागितला, यंत्र उभं ठेवून. आडवं कोण ठेवतं? तिसऱ्या दिवशी एका मुलानं फोन करून सांगितलं, “सर, तुमच्याकडे ह्युमिडिटी जास्त आहे.” जुलैत ठाण्यात हवा दमट असते हे सांगायला यांनी तीन दिवस आणि दोन व्हिडिओ घेतले! मी म्हटलं, मग डब्यावर लिहा, फक्त जैसलमेरमध्ये वापरा. त्यानं तक्रार ‘चुकीचा वापर’ असा शेरा मारून बंद केली. वॉरंटी वर्षाची, तरी चुकीच्या वापराला ती लागू नाही. मी पुन्हा उघडली, त्यांनी पुन्हा बंद केली. असं चारदा.

इथपर्यंतचं मी जुलैच्या शेवटी लिहून ठेवलं होतं, आणि खाली अर्धा तारा देऊन टाकणार होतो. आता ऑगस्टचा तिसरा आठवडा आहे आणि काही शब्द गिळायचे आहेत.

झालं असं की खालच्या मजल्यावरचे काका वर आले, भांडायला. रात्री साडेदहाला कॉम्प्रेसर सुरू होता आणि त्यांच्या छतातून घरघर येत होती. “गिरणी काढलीस का रे घरात?” म्हणाले. (आवाज तसा फार नाही, पण फरशीतून खाली जातो. खाली पायपुसणं दुमडून ठेवा, निम्मा जातो.) मी माफी मागितली आणि सवयीनं पाण्याचं गाऱ्हाणंही सांगितलं. काका रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी यंत्राकडे बघितलंही नाही, सरळ विचारलं, “टाकी ड्रेन करतोस का?”

“कुठली टाकी, काका? ट्रॅप रोज काढतो.”

“अरे, ट्रॅप नव्हे. टाकी.”

त्यांनी यंत्र आडवं केलं. टाकीच्या पोटाखाली, मधोमध, जिथं माणसाची नजर उभ्या जन्मात जाणार नाही अशा ठिकाणी, एक पितळी स्क्रू. दाब सोडून दिला, पान्यानं तो सैल केला, खाली आमटीची वाटी धरली. गंजाच्या रंगाचं पाणी, आधी धार, मग थेंब. दीड वाटी! आई म्हणाली, ती वाटी आता स्वयंपाकघरात आणू नकोस.

नंतर बसून हिशेब केला. ३० अंशांना, ८५ टक्के आर्द्रतेत एका घनमीटर हवेत साधारण २५ ग्रॅम पाणी असतं. माझं यंत्र मिनिटाला वीस लिटर हवा ओढतं, म्हणजे तास चाललं की सव्वा घनमीटरच्या आसपास. हवा दाबली की ती ओलावा धरून ठेवू शकत नाही. टाकीत आली, निवली की पाणी खाली बसतं. दहा-बारा तास चालवलं की दीड वाटी सहज. यात चमत्कार काही नाही, शाळेतलं विज्ञान आहे. जैसलमेरवरचा माझा टोला वाया गेला, म्हणजे ग्राहक सेवेतला तो मुलगा निम्मा बरोबर होता. निम्माच, कारण ह्युमिडिटी सांगितली, स्क्रू सांगितला नाही.

आणि इथं मी माझा राग सोडणार नाही. माहितीपत्रक पुन्हा काढलं. सोळा पानं. त्यात विजेचा धक्का बसू नये म्हणून दोन पानं, यंत्र लहान मुलाला खेळायला देऊ नये म्हणून एक परिच्छेद, आणि टाकीचं पाणी काढण्याबद्दल एकच ओळ, अकराव्या पानावर, चित्र नाही. चाळीस-पन्नास रुपयांचा कॉक त्या जागी लावला असता, तोही पुढच्या बाजूला, तर वर्षभरात कुणाची पलटण खराब झाली नसती. पुढच्या बाजूला काय आहे? कंपनीचं चकचकीत स्टिकर.

ट्रॅपही चुकीच्या जागी आहे. कॉम्प्रेसर सलग चालला की हवा कोमट राहते, ट्रॅपमधून वाफेच्या रूपातच पुढे जाते, आणि पुढच्या दोन मीटर नळीत थंड होऊन पाणी होते. म्हणून वाटी कोरडी आणि एअरब्रश ओला. यावर उपाय स्वस्त आहे: एअरब्रशच्या दांड्याखाली लागणारा छोटा ट्रॅप, ३५० रुपये, पेन धरल्यासारखा हातातच राहतो. वजन जरा वाढतं, मनगट तासाभरात बोलायला लागतं. पण तो लावल्यापासून आणि दर बैठकीनंतर स्क्रू सैल करायला लागल्यापासून एकही थेंब नाही. काल इंग्रजांच्याच बाजूच्या १०व्या मद्रास पलटणीचे चोवीस डगले बाहेर कोसळत असताना मारले. कोरडे, सपाट, सुरेख.

मग आता तारे किती द्यायचे? हवा तीच, दाब स्थिर, मोटर गरम होते पण थांबत नाही, नऊ महिन्यांत सुई एकदाच वाकली आणि ती माझ्या हातून पडून. अर्धा तारा अन्याय होईल. एअरब्रशसह ८,४००, वर नोझल, ट्रॅप आणि पाना मिळून साडेसातशे. तीन देतो. साडेतीन दिले असते, पण पाना डब्यात नव्हता.

देवी आलेली काडी मात्र धुतली नाही. रंग उतरवायचं द्रावण वेगळं विकत घ्यावं लागलं असतं, आणि मला एक जागा सापडली. असईच्या लढाईत इंग्रजांची चौक्यांची (पुढच्या पहाऱ्याची) तुकडी वाट चुकून उजवीकडे गावाच्या तोंडावर गेली, ७४वी तिच्यामागे गेली, आणि तोफांनी दोघींना झोडपलं. इंग्रजांचा मॅक्सवेल घोडदळ घेऊन धावला तेव्हा थोडे वाचले. मॅक्सवेल त्याच दिवशी पडला. ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूची एकूण मेलेली-जखमी-बेपत्ता माणसं १,५८४. तेव्हा माझे ते सहा ठिपकेवाले उजव्या टोकाला, गावाच्या भिंतीसमोर उभे आहेत. वर जवळजवळ कोरड्या ब्रशनं थोडा चिखलाचा रंग घासला, पायाशी वाळवलेली चहापत्ती. ठिपके आता छर्ऱ्यांचे वाटतात. दुरून तरी.

शिंद्यांच्या तोफा अजून प्राइमरमध्ये आहेत, पाच झाल्या, सात बाकी. २३ सप्टेंबरला टेबल मांडायचं ठरलंय. काका येणार आहेत आणि त्यांनी शिंद्यांची बाजू मागून घेतली आहे. तोवर रात्री नऊनंतर कॉम्प्रेसर बंद, ही अट त्यांची.