जालना, मोंढ्याजवळची खानावळ : येसर झकास, वरण पातळ, पंक्तिभेद नाही

आधी जेवणाचं. भाकरी ज्वारीची, तव्यावरून थेट ताटात, पदर सुटलेली. येसराची (भाजलेल्या धान्य-डाळींच्या मसालेदार पिठाची) आमटी हल्ली घराबाहेर सहसा मिळत नाही, इथं मिळते. नाकातून पाणी आलं तरी मी पुन्हा मागून घेतली. वांग्याच्या भाजीवर तेल तरंगतं, साठी ओलांडलेल्यांनी आधीच सांगावं. (मी नर्स होते, जीभ गप्प बसत नाही.) वरण म्हणजे नुसतं पाणी. ताट ९० रुपये, ठेचा-कांदा मागाल तेवढा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दुपारी मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, हमाल येतात, पोत्यांची धूळ अंगावर तशीच. मागोमाग रस्ते झाडणाऱ्या बाया. एरवी अशांची जागा ठरलेली असते : बाहेरचा ओटा, नाहीतर पार्सल घ्या आणि निघा. इथं रिकामी दिसेल ती खुर्ची त्यांची. एकीनं झाडू दाराशी टेकवला आणि माझ्यासमोर येऊन बसली. मालक गल्ल्यावरून उठले, "मावशी, आज उशीर केला?" म्हणत पाण्याचा तांब्या स्वतः आणून ठेवला. बियाणे कंपनीतले इस्त्रीचे शर्ट शेजारी ताटाची वाट बघत होते; ते नंतर आले होते, त्यांना नंतरच वाढलं.

गल्ल्यावर फोटो विठोबाचा आहे. पण मला आठवला बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय : सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा देता आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला म्हणता, तू तिथं उभा राहा. ते पत्र मंडळीला, म्हणजे आम्हा चर्चवाल्यांना लिहिलंय, खानावळवाल्यांना नव्हे. आमच्यात चर्चमधल्या प्रभुभोजनाची भाकर सगळ्यांना एकच, पण लग्नाच्या जेवणात मंडप झाडणारी बाई अजून शेवटीच जेवते, उरलंसुरलं. नारायण शेषाद्री ब्राह्मण घरातले, १८४३ साली ख्रिस्ती झाले, पुढे मांग समाजात काम केलं आणि याच जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. त्यांचं नाव आम्ही भाषणात घेतो, पंगतीत विसरतो. पाळकांना सांगितलंय, यंदा नाताळच्या जेवणाचं काम या खानावळीला द्या आणि वाढायची रीतही यांचीच ठेवा.

तरी पाच तारे देणार नाही. हात धुवायला मागं गेले तर भाकरी थापणाऱ्या दोघी चुलीच्या धुरात, खोलीला एकच झरोका, एकीला सारखा खोकला. त्या भाकरीवरच तर ही खानावळ चालते! मालकांना म्हटलं, धूर ओढणारा पंखा बसवा, आणि बाईंची छाती तपासून घ्या. म्हणाले, "दिवाळीनंतर बघू, सिस्टर."

चार तारे. पाचवा पंखा बसल्यावर.