हेलसिंकीचा ऑगस्ट : हाकानिएमीचा बाजार, हुविलाचा तंबू आणि शेपूतले क्रेफिश

हेलसिंकीला खायला आणि गाणे ऐकायला जायचे असेल तर ऑगस्टचा उत्तरार्ध धरावा. जूनमध्ये रात्री उशिरापर्यंत उजेड असतो हे खरे, पण मिडसमर या ऐन उन्हाळ्यातल्या सणाच्या सुट्टीत शहर ओस पडते आणि जुलैत बरीच चांगली रेस्टॉरंट बंद असतात, कारण मालक-आचारी सगळेच तळ्याकाठच्या घरी गेलेले असतात. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास शाळा भरतात, माणसे परततात आणि नेमक्या त्याच वेळी जंगलातल्या बेरी, पिवळी अळंबी, मटाराच्या शेंगा, क्रेफिश (गोड्या पाण्यातला, नांग्या असलेला कोळंबीसारखा जीव) असे सगळे बाजारात येते. शिवाय महिन्याच्या मध्यापासून अखेरीपर्यंत हेलसिंकी फेस्टिव्हल असतो. 1951 साली सुरू झालेल्या, फिनिश संगीतकार सिबेलियसच्या नावाच्या सिबेलियस सप्ताहाची जागा 1968 मध्ये या फेस्टिव्हलने घेतली.

मुक्काम किंवा निदान दिवसाचा तळ हाकानिएमीला ठेवा. सेंट्रल स्टेशनपासून मेट्रोने दुसरे स्टेशन, चालत गेलात तर पंधरा-वीस मिनिटे. बाजाराचा हॉल, समोरचे मैदान, खाडीकाठची बाग आणि मैफलींचा तंबू, सगळे पायी दहा मिनिटांच्या आत आहे. बंदरावरचे काउप्पातोरी हे बाजाराचे मैदान पाहायला छान आहे, पण तिथे जेवणासाठी थांबू नका. भाव पर्यटकांचे आहेत आणि सीगल पक्षी हातातला मासा अक्षरशः हिसकावून नेतात. तिथे खायचेच असेल तर ताडपत्रीच्या छताखाली बसून खा, ताट घेऊन धक्क्यावर फिरू नका.

हाकानिएमीचा लाल विटांचा दुमजली बाजार 1914 सालचा. 2018 ते 2023 अशी पाच वर्षे तो दुरुस्तीसाठी बंद होता आणि दुरुस्ती नीट झाली आहे. खाली मासे, मटण, चीज, पाव आणि बसून खायचे गाळे, वर कापड आणि हस्तकलेची दुकाने. जायची वेळ आठवड्याच्या दिवशी सकाळी अकराच्या आधी. साडेअकरानंतर आसपासच्या कचेऱ्यांतले लोक जेवायला येतात आणि सूपच्या गाळ्यांवर बसायला जागा राहत नाही. शनिवारी दुपारनंतर दुकाने आवरायला लागतात. रविवार टाळा.

आधी सामन (सॅल्मन) माशाच्या सूपविषयी, म्हणजे लोहिकेइत्तोविषयी. बटाटा, कांद्याची पात किंवा लीक, ऑलस्पाइसचे चार-पाच दाणे, शेवटी क्रीम आणि भरपूर शेपू. हो, आपलाच शेपू, फक्त कोवळा आणि वासाला सौम्य. चांगले सूप ओळखायची खूण सोपी आहे. माशाचे तुकडे अख्खे राहिलेले असावेत, पण चमच्याने दाबल्यावर पाकळ्या सुटाव्यात. मासा आधी टाकून उकळला की तो कोरडा आणि चिवट होतो. तो शेवटच्या चार-पाच मिनिटांतच पडायला हवा, आणि क्रीम घातल्यावर सूप खळखळ उकळू देऊ नये. दुपारी अडीचनंतर मोठ्या पातेल्याच्या तळाशी उरलेले सूप मिळाले तर बटाटा विरघळून त्याची लापशी झालेली असते, म्हणून सूप लवकर घ्यावे. सोबत राईचा (मोहरी नव्हे, राय नावाच्या धान्याचा) काळा पाव आणि लोणी बहुतेक ठिकाणी त्याच पैशात मिळते, नळाचे पाणी फुकट आणि उत्तम. दुपारच्या जेवणाचा लौनास हा प्रकार फक्त कामाच्या दिवशी, साधारण साडेदहा ते दोनपर्यंत असतो, आणि त्यात सॅलड, पाव, कॉफी धरलेली असते. हेच रेस्टॉरंट संध्याकाळी दुप्पट पैसे घेते.

शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, पण पाट्या वाचता यायला हव्यात. पदार्थाच्या नावापुढे अक्षरे असतात. एल म्हणजे लॅक्टोज नसलेले, व्हीएल म्हणजे कमी लॅक्टोजचे, एम म्हणजे दूधच नसलेले, जी म्हणजे ग्लूटेनविरहित. एल पाहून दूध नाही असे समजणारे फसतात, कारण त्यात दूध असू शकते. अंडे या अक्षरांत येत नाही, ते विचारावे लागते. कार्यालानपीराक्का हा राईच्या पातळ पापुद्र्यात दुधात शिजवलेला भात भरलेला पदार्थ पोटभरीचा आहे. त्यावर अंडे कुस्करून मिसळलेले लोणी देतात, ते नको असेल तर आधीच सांगा, बहुधा ते वेगळे ठेवलेले असते. गरम असताना कडा कुरकुरीत असतात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेलात तर अर्ध्या तासात लोळागोळा, म्हणून कागदी पिशवी मागा. लेइपायूस्तो हे चीज मूळचे गाय व्यायल्यावरच्या चिकाच्या दुधाचे, म्हणजे आपल्या खरवसाचेच नातेवाईक. आता ते साध्या दुधाचेही करतात. दाताखाली ते करकर वाजते. थंड खाण्यात काही अर्थ नाही. तुकड्यांवर थोडे क्रीम ओतून ओव्हनमध्ये गरम केलेले आणि वर क्लाउडबेरी या नारिंगी जंगली बेरीचा मुरंबा घातलेले मागवा. मात्र चीज जमवायला रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ, तो वासराच्या जठरातलाही असतो) कोणते वापरले आहे हे काटेकोर शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावे.

कॉफीबरोबर कोर्वापूस्ती हा गोड बन घ्या. कणकेत भरड कुटलेला वेलदोडा, आत दालचिनी-साखर. वेलदोड्याचे काळे कण डोळ्यांना दिसले पाहिजेत. बारीक पूड घातलेला बन तोंडात नुसता गोड लागतो. हा सकाळचा पदार्थ आहे, संध्याकाळपर्यंत कोरडा पडतो.

हॉलसमोरच्या मैदानातला बाजार हा ऑगस्टचा खरा आनंद. इथे फळे-भाज्या किलोवर कमी आणि लिटरवर जास्त विकतात. लिटरच्या मापात मटाराच्या शेंगा रचून भरतात, वर शीग लावतात आणि कागदी पिशवीत ओततात. लोक त्या चालता चालता सोलून कच्च्याच खातात, तुम्हीही तसेच करा. शेंग फुगीर आणि सालीवर चमक असलेली हवी. साल पांढुरकी आणि खरखरीत झाली असेल तर आतला दाणा पिठूळ निघतो.

ब्लूबेरी घेताना एक दाणा चिरडून पाहा. जंगली मुस्तिक्का आतूनही गडद जांभळी असते, बोटे आणि जीभ रंगवते. लागवडीची मोठी बेरी आतून पांढरट-हिरवी असते. दोन्हींच्या चवीत फार फरक आहे आणि पैसे जंगलीसाठीच मोजावेत. क्लाउडबेरी ताजी मिळाली तर महाग असते, पण एकदा खावी. लिंगनबेरी ऑगस्टच्या शेवटी येऊ लागते, ती आंबट-तुरट असल्याने नुसती खायची नाही.

खोलीत स्वयंपाकाची सोय असेल तर कांतारेल्ली ही पिवळी अळंबी अर्धा लिटर घ्या. ती धुवायची नाही, ब्रशने माती झटकायची. तवा चांगला तापवून त्यावर कोरडीच टाकायची, तेल-लोणी काही नाही. पाच-सात मिनिटांत तिचे पाणी सुटते, ते पूर्ण आटू द्यायचे आणि मगच लोणी, बारीक कांदा, शेवटी मीठ. लोणी आधी घातले की अळंबी स्वतःच्याच पाण्यात उकडते आणि रबरासारखी होते. राईच्या पावावर ही अळंबी म्हणजे या शहरातले पैशाला सर्वांत मोलाचे जेवण.

आता क्रेफिश, फिनिश लोकांचे रापू. हंगाम 21 जुलैला दुपारी बारा वाजता उघडतो आणि ऑगस्टभर ठिकठिकाणी मेजवान्या चालतात. रेस्टॉरंटमध्ये भाव नगावर असतो, म्हणून मागवण्याआधी दोन गोष्टी विचारा. जिवंत आणून इथे शिजवलेत की गोठवलेले परदेशी? आणि जात कोणती? मूळ फिनिश नदीतला क्रेफिश दुर्मीळ आणि महाग. 1893 मध्ये देशात आलेल्या क्रेफिश प्लेग या क्रेफिशच्या रोगाने त्याची दैना केली. 1960 च्या दशकात अमेरिकेहून आणलेला सिग्नल क्रेफिश आता जास्त दिसतो आणि त्याच्या नांगीच्या सांध्यावर फिकट ठिपका असतो. ठिपका पाहून भाव पडताळता येतो. चवीत मात्र फरक पाण्याने पडतो, जातीने कमी.

ते पाणी असे करतात. लिटरला साठेक ग्रॅम जाडे मीठ, थोडी साखर आणि मूठभर फुलोऱ्याचा शेपू. पानांचा शेपू इथे चालत नाही, फुले धरलेले जाड देठच हवेत, कारण वास त्यांत असतो. पाणी खळखळून उकळले की जिवंत क्रेफिश डोक्याच्या बाजूने, थोडे थोडे टाकायचे. सगळे एकदम ओतले की उकळी बसते आणि मांस चोथट होते. पुन्हा उकळी आल्यापासून दहा मिनिटे. मग पातेले लवकर गार करून क्रेफिश त्याच पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे. मेजवानी गार क्रेफिशचीच असते. शिजल्यावर शेपूट आत वळलेले असले पाहिजे. सरळ राहिलेला क्रेफिश शिजण्याआधीच मेलेला असू शकतो, तो बाजूला काढा. खाताना धड आणि शेपूट पिळून वेगळे करा, शेपटीच्या पाठीवरून जाणारा काळा दोरा ओढून काढा, नांगीला छोट्या सुरीने भोक पाडून आधी रस चोखा. डझनभर क्रेफिशमधून जेमतेम शंभर ग्रॅम मांस निघते. पोट भाजलेल्या पावाने, लोण्याने आणि शेपूने भरायचे आहे, हे गृहीत धरूनच बसा. दोघांत डझनभर मागवून चव पाहणे शहाणपणाचे. कोळंबी-चिंबोरी खाणाऱ्या कोकणी आणि गोव्याच्या माणसाला तिखटाची आठवण होईल, पण लिंबू-मिरची मागू नका. शेपू-मिठाचे ते पाणीच इथला मसाला आहे.

संध्याकाळी हुविलाचा तंबू. हाकानिएमीच्या मैदानातून पाच मिनिटे चालले की तोकोइनरांता ही खाडीकाठची बाग लागते आणि फेस्टिव्हलच्या दिवसांत तिथेच हा तंबू उभा राहतो. जॅझ, देशोदेशीचे लोकसंगीत, फिनिश पॉप असा कार्यक्रम असतो. तंबूत माणसे दाटीने बसतात आणि त्यामुळेच गायक-वादकांशी जे नाते जुळते ते मोठ्या सभागृहात जुळत नाही. उणी बाजूही सांगायला हवी. जोराचा पाऊस आला की कापडावरचा आवाज हळुवार गाण्यात मिसळतो. जवळून रेल्वेमार्ग जातो. एकट्या गिटारची किंवा एकल आवाजाची मैफल असेल तर पुढच्या भागातली तिकिटे घ्या, ताल-तडाख्याच्या बँडला मागेही चालते. तिकिटे वसंतातच विक्रीला येतात आणि नावाजलेल्या कलाकारांची लवकर संपतात. ऑगस्टच्या मध्याला सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, महिनाअखेरीस साडेआठच्या आधीच, आणि मग खाडीवरून गार वारा येतो. बारा-तेरा अंशांची तयारी ठेवा. स्वेटर आणि रेनकोट आणा, छत्री नको, मागच्या माणसाला काही दिसत नाही.

ऑर्केस्ट्रा ऐकायचा असेल तर मुसीक्कितालो. 2011 मध्ये उघडलेले, 1,704 खुर्च्यांचे सभागृह, ध्वनिरचना यासुहिसा तोयोता यांची. वादकांच्या मागच्या स्वस्त जागा सिंफनीला झकास, कारण कंडक्टरचा चेहरा दिसतो. गायक असेल तेव्हा त्या घेऊ नका, त्याची पाठ तुमच्याकडे असते आणि शब्द समोर निघून जातात. असा आवाज देणारे सभागृह मुंबई-पुण्याला मिळावे असे मनापासून वाटते.

फेस्टिव्हलच्या एका गुरुवारी कलेची रात्र असते, 1989 पासून. बहुतेक कार्यक्रम फुकट. चूक एकच होते, लोक दहा ठिकाणांची यादी करतात, ट्राम गर्दीत अडकतात आणि सगळ्यांची शेवटची पाच मिनिटेच पाहायला मिळतात. एक भाग निवडा. मुसीक्कितालो आणि समोरचे ओदी वाचनालय हा मुलांसह जाणाऱ्यांसाठी सर्वांत सोयीचा, स्वच्छतागृहांसह. तरुणांना मोठे बँड हवे असतील तर ऑगस्टच्या पूर्वार्धात सुविलाहतीच्या जुन्या गॅस कारखान्यात फ्लो फेस्टिव्हल असतो, कालासातामा मेट्रोजवळ. तो महाग आहे आणि त्या दिवसांत हॉटेलचे भावही चढतात.

प्रवासाचे तिकीट आधीच काढावे लागते, ड्रायव्हर देत नाही. मेट्रोला फाटके नसतात म्हणून कुणी विचारत नाही असे समजू नका, तपासनीस येतात. शहरासाठी एबी झोन पुरतो, एक तिकीट 80 मिनिटे चालते आणि सुओमेन्लिन्ना किल्ल्याच्या फेरीलाही तेच लागू होते. विमानतळ मात्र सी झोनमध्ये आहे, तिथे एबीसी घ्या, आय किंवा पी लोकलने अर्धा तास. रिकामे कॅन आणि बाटल्या फेकू नका, सुपरमार्केटमधल्या यंत्रात कॅनला 15 सेंट आणि मोठ्या प्लास्टिक बाटलीला 40 सेंट परत मिळतात. घरी न्यायला क्लाउडबेरीचा मुरंबा घेतलात तर तो चेक-इन बॅगेत टाका. हातातल्या सामानात तो द्रव समजला जातो आणि वाटेत विमान बदलायचे असेल तर पुढच्या विमानतळावर काढून घेतला जाऊ शकतो.