नालीच्या पाण्याला शेवाळाचं तळं की कर्दळीचा वाफा?

घरोघरी नळ आले आणि गावची नाली बारमाही वाहू लागली. जलजीवन मिशनप्रमाणे माणशी रोज 55 लिटर धरले आणि त्यातलं 80 टक्के नालीत आलं, तर 2,000 वस्तीच्या गावातून रोज 88,000 लिटर सांडपाणी निघतं. आमच्याकडे ते थेट बोडीत, म्हणजे गावच्या लहान तलावात जातं. साबणातलं फॉस्फरस आणि संडासाच्या टाक्यांमधून झिरपणारं नायट्रोजन खाऊन जलपर्णी अशी माजते, की ढिवरांना जाळं टाकायला जागा उरत नाही. शोषखड्डे वाळूमुरमाच्या जमिनीत चालतात. काळी माती पावसात फुगली की पाणी जिरणं थांबतं. अशा गावात पाणी साफ करायच्या दोन वाटा तोलून पाहू.

कर्दळीचा वाफा म्हणजे गिट्टी भरलेला चर. त्यात कर्दळ, पाणकणीस लावायचं आणि पाणी गिट्टीच्या पोटातून सोडायचं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं ‘फायटोरिड’ याच जातीचं. उतार असेल तर वीज लागत नाही, पाणी उघडं नसल्यानं डास होत नाहीत. माझ्या हिशेबानं 2,000 वस्तीच्या गावाला अकरा गुंठे पुरतात. गाळ आधीच्या टाकीत अडवला नाही तर मात्र गिट्टी चोंदते. खताचं म्हणाल तर ते हाती येत नाही. नायट्रोजनचा काही भाग जिवाणू हवेत सोडतात, फॉस्फरस गिट्टीला चिकटत जातं आणि काही वर्षांनी गिट्टीची ताकद संपते.

शेवाळाच्या तळ्यात उलट घडतं. फूटभर खोल पाणी, सूर्यप्रकाश, पाणी ढवळत हळू फिरणारं चाक. शेवाळ नायट्रोजन, फॉस्फरस अंगात साठवतं, दिवसा प्राणवायू सोडतं, त्यावर जिवाणू घाण कुजवतात. कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी 1950 च्या दशकात ही पद्धत घडवली. ऊन आपल्याकडे भरपूर आहे, चाक सौर पॅनेलवर चालतं आणि रात्री थांबलं तरी काम भागतं. पण सहा दिवस पाणी थांबवायचं तर साडेसतरा गुंठे जागा लागते. मे महिन्यात रोज सेंटीमीटरभर वाफ धरली तरी पाचवा हिस्सा पाणी उडून जातं.

खरी अडचण खतासाठी शेवाळ पाण्यातून काढण्याची. मी स्वतः बादलीभर हिरवं पाणी चौपदरी धोतरातून गाळलं. खाली पडलं तेही तितकंच हिरवं! पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या, कापडाला त्या दिसतसुद्धा नाहीत. किलोभर सुक्या शेवाळासाठी चार-पाच हजार लिटर पाणी निथळावं लागतं. त्यात नायट्रोजन सुमारे सात टक्के, म्हणजे युरियाच्या एका 45 किलोच्या गोणीची बरोबरी करायला तीनशे किलो सुकं शेवाळ हवं. ते विकून ग्रामपंचायत श्रीमंत होईल असं कुणी सांगत असेल तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

मला पटतो तो मार्ग वेगळा आहे. शेवाळ काढूच नका, हिरवं पाणी तसंच वावरात न्या. नेपियर, ज्वारीच्या चाऱ्याला पाटानं द्या, खत पाण्यातूनच मिळतं. संत्र्याच्या ठिबकला जोडू नका, नळ्या बुजतील. कच्च्या खायच्या भाजीलाही नको. बोडीत तर अजिबात सोडू नका. रात्री शेवाळ प्राणवायू ओढून घेतं, पहाटे मासे पोट वर करून तरंगतात.

नालीच्या टोकाला फक्त बोडी असेल तर मी डोळे झाकून कर्दळ निवडीन. टोकाला वावर असेल आणि बारा महिने पाणी घ्यायला कुणी तयार असेल, तर तळं करा, पण खोदण्याआधी ग्रामसभेच्या ठरावात त्या शेतकऱ्याचं नाव लिहून घ्या.