लाल पेनातलं ‘कोण?’: ओईटी रायटिंग बॅच, आठ आठवडे करून

मिरजेत आयसीयूला ब्रदर म्हणून सात वर्षं झाली. इंग्लंडला जायचं चाललंय. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला ओईटी या दवाखान्यातल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेत ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ‘बी’ ग्रेड आणि लेखनात निदान ‘सी प्लस’ लागतो. माझं घोडं लेखनातच पेंड खात होतं, म्हणून या क्लासची फक्त रायटिंग बॅच घेतली. फी साडेसहा हजार. आठवड्याला दोन ऑनलाइन तास आणि दोन पत्रं तपासून.

लेखनात पेशंटच्या केस नोट्सवरून एक पत्र लिहायचं, तेही १८०-२०० शब्दांचंच. वेळ ४५ मिनिटं, त्यातली पहिली ५ नुसती केस नोट्स वाचायला. नोट्स तुटक असतात, आपल्या रजिस्टरसारख्या. त्या जोडून वाक्यं करायची, म्हणजे काय आधी, काय नंतर आणि काय एकाच वेळी झालं ते नीट सांगायचं. मी मार खायचो तो तिथेच.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, ‘व्हाइल ट्रान्सफ्यूजिंग ब्लड, द पेशंट डेव्हलप्ड चिल्स.’ पत्र परत आलं तेव्हा त्यावर लाल गोल आणि शेजारी एकच शब्द: ‘कोण?’ तासाला मॅडमनी विचारलं, “रक्त कोण चढवत होतं?”

“मी.”

“तुमच्या वाक्यात तर पेशंटच चढवतोय.”

अख्खी बॅच हसली. पण मुद्दा पटला. आपण ‘रक्त चढवताना पेशंटला थंडी वाजली’ म्हणतो तेव्हा चढवणारा वेगळा, कुडकुडणारा वेगळा, हे सांगावं लागत नाही. ‘-ताना’ दोघांनाही सांभाळून घेतं. इंग्रजीत व्हाइलनंतर कर्ता न घालता आयएनजी लावलं, की ते काम पुढच्या कर्त्याच्या गळ्यात. मग एक तर ‘ड्युरिंग द ट्रान्सफ्यूजन’ लिहा, ड्युरिंगपुढे नाम येतं. नाहीतर ‘व्हाइल ब्लड वॉज बीइंग ट्रान्सफ्यूज्ड’ असं पूर्ण लिहा.

तिसऱ्या आठवड्यातला तास एकटाच फी वसूल करणारा. मॅडमनी राईल्स ट्यूबवर, म्हणजे नाकातून पोटात घालतात त्या नळीवर, चार मराठी वाक्यं लिहिली. नळी काढली तेव्हा उलटी झाली. नळी काढताना झाली. काढता काढता झाली. काढल्या काढल्या झाली. “आता इंग्रजीत सांगा.” मी चारही ठिकाणी व्हेन ठोकलं. पण ‘व्हेन आय रिमूव्ह्ड द ट्यूब, ही व्हॉमिटेड’ वाचणाऱ्याला वाटतं, नळी निघाली आणि मग उलटी झाली. नळी अजून घशात असताना झाली असेल तर ‘व्हाइल द ट्यूब वॉज बीइंग रिमूव्ह्ड’. काढल्या काढल्या म्हणजे ‘ॲज सून ॲज’. ‘काढता काढता’पाशी मॅडमच थबकल्या. “ॲज चालेल, पण जपून,” म्हणाल्या. कारण ॲजचा अर्थ ‘म्हणून’कडेही झुकतो. ‘ॲज ही वॉज कफिंग, वी स्टॉप्ड द फीड’: खोकत असताना बंद केलं, की खोकत होता म्हणून? कारण सांगायचं असेल तर सरळ बिकॉज लिहा. मात्र सूज जसजशी उतरली तसतशी वेदना कमी झाली, असं काही असेल तिथे ॲजच हवं. उत्तर तयार नसताना उगाच ठोकून न देणारी मास्तरीण मी बऱ्याच दिवसांनी पाहिली.

मीनव्हाइल मी दोन वाक्यांच्या मधे स्वल्पविराम देऊन घुसवायचो. ते नवं वाक्य सुरू करताना येतं, जोडायला नाही. हे पाच मिनिटांत उरकलं.

आता तक्रारी. तास रात्री नऊला. नाइट ड्युटीवाल्यांनी काय करायचं? रेकॉर्डिंग बघा म्हणतात, तर ते सात दिवसांत गायब. तीन दिवसांत तपासून देतो म्हणालेली पत्रं एकदा अकराव्या दिवशी आली. त्यातलं एक दुसऱ्याच कुणीतरी तपासलं होतं, खाली नुसतं ‘गुड’. त्याच पत्रात ‘कोण?’वाली चूक मला मागाहून सापडली. शिवाय स्पीकिंगची बॅच घ्या म्हणून आठवड्याला तीन फोन, तेही ड्युटीच्या वेळेत.

पाचपैकी साडेतीन तारे. ते साडेतीनही मॅडमचे, ऑफिसचे नाहीत. पैसे भरायच्या आधी ‘पत्रं मॅडमच तपासणार का?’ हे लेखी घ्या. लिसनिंगमध्ये अडलेल्यांनी या वाटेला जाऊ नये.

परवा हँडओव्हरला सिस्टरनी रजिस्टरमधलं वाचून दाखवलं, ‘व्हाइल वॉकिंग टू टॉयलेट, ड्रिप केम आउट.’ माझ्या तोंडून निघून गेलं, “कोण चालत होतं?”

सिस्टरनी चष्म्यावरून बघितलं. “चार नंबरचे आजोबा. अजून कोण?”