सेलरी : काम पार पाडण्यात तरबेज, वेळ लक्षात ठेवण्यात कच्ची

वेब ॲप्लिकेशनमध्ये अशी बरीच कामे असतात ज्यांच्यासाठी वापरकर्त्याला पडद्यासमोर ताटकळत ठेवणे योग्य नसते : ईमेल पाठवणे, पीडीएफ तयार करणे, छायाचित्रे लहान करणे, दुसऱ्या सेवेकडून माहिती ओढून आणणे. पायथनमध्ये ही कामे पाठीमागे ढकलायची म्हटली की पहिले नाव निघते ते सेलरीचे. २००९ पासून चालत आलेले हे मुक्त-स्रोत साधन मी जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कच्या जोडीने काही वर्षे रोज वापरत आहे. आलेले काम लगेच करण्यात सेलरीचा हात धरणारे साधन मला सापडलेले नाही; मात्र 'हे काम नंतर कर' असे सांगून निर्धास्त व्हावे, इतका विश्वास मी तिच्यावर टाकत नाही.

आधी चांगली बाजू. फंक्शनवर एक डेकोरेटर (त्याच्या डोक्यावर लिहायची खूण) लावायचा आणि ते थेट न बोलावता 'डिले'मार्फत बोलवायचे, एवढ्यावर सुरुवात होते. कामाचा निरोप रेडिस किंवा रॅबिटएमक्यू यांसारख्या ब्रोकरकडे, म्हणजे निरोप रांगेत (क्यूमध्ये) ठेवणाऱ्या मध्यस्थाकडे, जातो आणि स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालणारा वर्कर तो उचलतो. रिट्रायची, म्हणजे फसलेले काम पुन्हा करून पाहण्याची, सोय तर विशेष विचारपूर्वक केलेली आहे. बॅकऑफ चालू केला की दोन प्रयत्नांमधले अंतर दुपटीने वाढत जाते, दहा मिनिटांच्या कमाल मर्यादेवर थांबते, आणि त्यात थोडा यादृच्छिक फरकही आपोआप मिसळला जातो, म्हणजे बंद पडलेली बाहेरची सेवा पुन्हा उभी राहताच शेकडो टास्क एकाच क्षणी तिच्यावर तुटून पडत नाहीत.

आता 'नंतर'च्या कामांविषयी. टास्कला काउंटडाउन (किती वेळाने) किंवा ईटीए (नेमक्या कोणत्या वेळी) देता येतो, त्यामुळे 'सहा तासांनी हे पत्र पाठव' असे एका ओळीत लिहिता येते, आणि ही सोपी ओळच घात करते. असा निरोप ब्रोकरमध्ये वेळ होईपर्यंत पडून राहत नाही. वर्कर तो लगेच उचलतो आणि वेळ होईपर्यंत स्वतःच्या मेमरीत धरून बसतो, निरोप मिळाल्याची पोच मात्र ब्रोकरला देत नाही. रेडिस वापरत असल्यास पोच येण्यासाठी वाट पाहण्याची मुदत मूळ सेटिंगमध्ये एक तासाची असते. ती उलटली की तोच निरोप दुसऱ्या वर्करला दिला जातो, पुढच्या तासाला आणखी एकाला, आणि ठरलेली वेळ आली की सगळे जण ते काम इमानेइतबारे पार पाडतात. एका वापरकर्त्याने एकाच मिनिटाला आलेल्या, शब्दशः सारख्या चार स्मरणपत्रांचे चित्र आम्हाला पाठवले, तेव्हा आम्हाला ही गोष्ट समजली. चूक आमचीच होती, कारण दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेले आहे. मुदत वाढवता येते, पण मग वर्कर मध्येच मेला तर त्याच्या हातातले काम परत मिळायलाही तेवढाच उशीर होतो. ब्रोकर बदलूनही फारसे साधत नाही. रॅबिटएमक्यूच्या अलीकडच्या आवृत्त्या पोच न देणाऱ्याचा चॅनेल (ब्रोकरशी असलेली जोडणी) मूळ सेटिंगनुसार तीस मिनिटांनी बंद करतात. सेलरीच्या ५.५ आवृत्तीपासून कोरम क्यू (रॅबिटएमक्यूमधला रांगेचा एक प्रकार) वापरणाऱ्यांसाठी असे निरोप ब्रोकरमध्येच थोपवून ठेवण्याची सोय झाली आहे, पण रेडिसवाल्यांना तिचा उपयोग नाही.

आम्ही शेवटी साधा मार्ग धरला. पुढे करायचे प्रत्येक काम डेटाबेसच्या एका टेबलात, त्याच्या वेळेसह, नोंदवले जाते. दर मिनिटाला चालणारा एक टास्क वेळ झालेल्या ओळी लॉक करून उचलतो, त्यांच्यावर खूण करतो आणि क्यूमध्ये टाकतो. यात अनपेक्षित फायदा झाला तो काम रद्द करण्यात : पूर्वी टास्क रिव्होक (रद्द) करावा लागे आणि रद्द केलेल्या टास्कची यादी वर्करच्या मेमरीत असल्याने, वेगळी फाइल नेमून दिलेली नसल्यास, सगळे वर्कर रीस्टार्ट होताच पुसली जाई, आता ओळ खोडली की विषय संपतो.

हा दर मिनिटाचा टास्क सोडण्याचे काम बीट हा सेलरीचा वेळापत्रक सांभाळणारा भाग करतो. बीट घड्याळाबरहुकूम चालतो, पण तो एकच असावा ही जबाबदारी आपली आहे. चुकून दोन सर्व्हरवर दोन बीट सुरू झाले तर प्रत्येक टास्क दोनदा सुटतो आणि लॉगमध्ये त्याची कुठेही तक्रार दिसत नाही. वेळही मूळ सेटिंगमध्ये यूटीसी (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) असते, हे सकाळचा अहवाल भलत्या वेळी आल्यावरच बहुतेकांना आठवते. शिवाय बीट केवळ निरोप सोडतो. क्यू तुंबली असेल तर दर मिनिटाचे टास्क साचत जातात, म्हणून अशा टास्कना एक्स्पायरी (ज्यानंतर टास्क बाद होतो ती मुदत) देणे मी अनिवार्य मानतो.

इतर मूळ सेटिंगांपैकी दोन मी प्रत्येक प्रकल्पात बदलतो. वर्कर काम सुरू करण्यापूर्वीच पोच देतो, त्यामुळे तो मध्येच बंद पडल्यास काम हरवते. पोच उशिरा देण्याचा पर्याय चालू केल्यास ते वाचते, मात्र टास्क दोनदा चालला तरी बिघाड होणार नाही अशा रीतीने लिहिलेला हवा. दुसरे म्हणजे प्रत्येक प्रोसेसमागे चार निरोप आगाऊ उचलून ठेवण्याची सवय. टास्क लांबलचक असतील तर हा आकडा एकवर आणावा, नाहीतर छोटी कामे मोठ्यांच्या मागे अडकून पडतात. जँगोवाल्यांनी डेटाबेसचे ट्रान्झॅक्शन पूर्ण होण्याआधी टास्क सोडू नये, कारण वर्कर चपळ असला तर त्याला नुकतीच लिहिलेली ओळ डेटाबेसमध्ये सापडतच नाही, ५.४ आवृत्तीपासून यासाठी वेगळी पद्धत उपलब्ध आहे.

रात्री एकदाच चालणारे एखादे काम असेल तर सेलरीच्या वाटेला जाऊ नये. क्रॉनटॅबमधली (लिनक्सच्या स्वतःच्या वेळापत्रकातली) एक ओळ पुरते आणि सांभाळायला ब्रोकर, वर्कर, बीट असा गोतावळा उरत नाही. कामे अनेक असतील आणि ती वारंवार अपयशी होण्याजोगी असतील, तर मात्र मी आजही सेलरीच निवडतो आणि संघात नव्याने येणाऱ्याला ट्युटोरियलच्या आधी दस्तऐवजातील रेडिसच्या पानावरचे इशारे वाचायला देतो.